हा अज्ञात कोन हाये?

सरकारी फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हे तत्त्व मी पंचायत समितीत एकतीस वर्षं पाळलं. रिकाम्या रकान्यात उद्या कोण काय भरेल याचा नेम नसतो. म्हणून 'निरंक', 'लागू नाही', 'माहिती उपलब्ध नाही' असं काहीतरी लिहून मोकळं व्हावं. या तत्त्वावर माझी नोकरी बिनडाग पार पडली. निवृत्तीनंतर मात्र याच तत्त्वानं मला सासूसमोर उभं राहायला जागा ठेवली नाही.

झालं असं, की चंद्रपुरात आपल्या भागातल्या जुन्या कलावस्तूंचं एक संग्रहालय निघालं, आणि पेपरात आवाहन आलं. घरातल्या जुन्या, कलात्मक वस्तू द्या, पाटीवर दात्याचं नाव लिहिलं जाईल. खोटं कशाला बोलू, ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. चामोर्शीत माझं नाव फक्त घराच्या फाटकावर आणि वीजबिलावर आहे.

"आपल्या घरी जुनं काय आहे?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही," नीलिमा म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे तिची वाक्यं आखूड आणि शुद्ध असतात.

पण सिंदेवाहीजवळ तिच्या माहेरी एक ढोली होती. ढोली म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, धान ठेवायची कोठी. आपल्याकडे घरोघरी असायची, शेणामातीनं लिंपलेली. ही मात्र लिंपलेली नव्हती, कारण हिच्या अंगावर लाल-काळ्या कामट्यांचे मोर होते. माझे सासरे मुखरू लोनबले यांनी लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात ती बायकोसाठी विणली होती. त्यात ती बियाण्याचा धान ठेवायची. सासरे जाऊन बावीस वर्षं झाली, तरी ढोली तशीच होती.

सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, यांना मी मामी म्हणतो. मामींनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "न्या जवाई. पण पाटीवर त्याहिचं नाव पाह्यजे."

'त्याहिचं' म्हणजे सासऱ्यांचं. मामींनी नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही. एकदा मतदार यादीवाला आला, घरात दुसरं कोणी नव्हतं. मामींनी 'मुख' सुचवायला स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. त्यानं लिहिलं, 'दंतू'. पुढची दोन मतदानं सासऱ्यांनी दंतू म्हणून केली.

तर मी ढोली टेम्पोत घालून चंद्रपूरला नेली. खिडकीवरच्या माणसानं फॉर्म दिला. 'वस्तूचे नाव' : ढोली. 'दाता' : श्री. देवराव केशवराव गुरनुले, सेवानिवृत्त वरिष्ठ सहायक, चामोर्शी. हे मी सावकाश, घोटून लिहिलं. मग आला 'कलावंताचे नाव'.

"नाव लिवाचं असन तर पुरावा लागते," खिडकीवाला म्हणाला. "मेले असतीन तर मृत्यूचा दाखला."

दाखला म्हणजे ग्रामपंचायत, ग्रामपंचायत म्हणजे ग्रामसेवक, आणि ग्रामसेवक म्हणजे तो कुठे असेल ते तोच जाणे. माझी बस साडेतीनची होती. रकाना रिकामा सोडणं तर माझ्या रक्तात नाही. मी लिहिलं, 'अज्ञात'. पुढे कधीतरी दुरुस्त करू असं मनाशी म्हटलं, खाली सही ठोकली आणि बस पकडली.

घरी आल्यावर मामींचा फोन आला. "लिवलं का जी त्याहिचं नाव?"

"लिवलं ना मामी," मी म्हटलं.

एवढंच. दीड वर्ष त्या तीन शब्दांनी मला काही त्रास दिला नाही. मग मामींच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, हिरवा चष्मा लागला, आणि आमच्याकडे पलंगावर बसल्या बसल्या मामी म्हणाल्या, "आता मले पयले त्याहिचं नाव पाहाचं हाये."

"माय, तुला वाचता कुठे येतं?" नीलिमा म्हणाली.

"पाहाले काय वाचता या लागते? तू बोट ठेवजो, मी पाहीन."

नीलिमानं लगेच येत्या मंगळवारची सुट्टी टाकली. माझ्या हातात पाच दिवस होते.

मी संग्रहालयात फोन केला. तिकडून उत्तर आलं, पाटीत दुरुस्ती हवी तर लेखी अर्ज करा, समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. मी अर्ज केला. 'आपला अर्ज प्राप्त झाला' असं उत्तरही आलं. मी स्वतः आयुष्यभर तेच उत्तर पाठवत आलो असल्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता.

समोरच्या इंदुताईंना विश्वासात घेतलं. त्या म्हणाल्या, "खरं सांगून टाका न भाऊ. दोन मिनिटाचं काम." हा सल्ला अगदीच अव्यवहार्य असल्यामुळे मी तो बाजूला ठेवला.

मग शफीभाईंकडे गेलो. शफीभाई आमच्या गल्लीच्या तोंडावर दुकानांच्या पाट्या बनवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबूजी, टेन्शन काहाले घेऊन राह्यले? मी पाटी बनवून देतो. मागून दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावून देतो. कव्हर काढाचं, चिपकवाचं, चालू पडाचं. कोनाच्या बापाले समजत नाई."

सोमवारी संध्याकाळी पाटी हातात आली. मी वहीच्या पानाएवढी सांगितली होती. शफीभाईंचा हात किराणा दुकानांवर बसलेला. पाटी चांगली दीड वीत उंच आणि दोन वीत रुंद, चारही कोपऱ्यांत गुलाब, मधोमध जाड लाल अक्षरांत 'मुखरू सोमाजी लोनबले', आणि खाली बारीक 'सौजन्य : शफी आर्ट्स, चामोर्शी'.

"गुलाब काहाले?" मी रडकुंडीला आलो.

"ते माह्याकडून," शफीभाई म्हणाले.

मंगळवारी सकाळच्या बसनं आम्ही तिघं मूल गावावरून चंद्रपूरला निघालो. मामींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. वैनगंगेच्या पुलावर त्यांनी पाण्याला हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जवाई, तुमी होते म्हनून झालं. नाईतं त्याहिचं नाव कोन लिवते?" मी खिडकीबाहेर पाहिलं. पाणी पुष्कळ होतं, आणि मला पोहता येत नाही याचं त्या क्षणी फारसं वाईट वाटलं नाही.

संग्रहालयाच्या दारात पहारेकरी उभा होता. छातीवर 'पोचू' अशी पट्टी. "पिशवी बाहेर ठेवा जी," तो म्हणाला.

पाटी पिशवीत होती! मी लघवीला जाऊन येतो म्हणून मागे गेलो आणि पाटी शर्टाच्या आत, बनियनवर सरकवली. वरून शर्टाच्या गुंड्या लावल्या. त्यामुळे मला वाकता येईना. नोकरीत मी साहेबांसमोर कधी इतका ताठ चाललो नाही.

मामींनी दारातच चपला काढल्या. पोचू म्हणाला, "राहू द्या आजी, चालते." मामी म्हणाल्या, "अंदर देव असतीन ना बाप्पा." आत खरंच पितळेचे देव होते. मामींनी प्रत्येकाला वेगळा नमस्कार केला. मग नीलिमानं पाट्या वाचायला घेतल्या. मोठ्यानं, ऱ्हस्व-दीर्घ तपासत.

"पितळी दिवा. कलावंत : अज्ञात. दिवा-मधला 'दि' बरोबर आहे." पुढे सरकली. "लाकडी फणी, कोरीव. कलावंत : अज्ञात." आणखी पुढे. "मातीचा घोडा. कलावंत : अज्ञात."

मामी थांबल्या. "हा अज्ञात कोन हाये वो?"

नीलिमा तोपर्यंत पुढच्या पाटीवरच्या काना-मात्र्यात गुंतली होती. उत्तर द्यायचं माझ्यावर आलं. खरं सांगावं तर अज्ञातचा अर्थ कळणार, अर्थ कळला तर ढोली ठेवलेल्या तिसऱ्या दालनात माझं काय होणार?

"होता एक जुना कारागीर," मी म्हटलं.

"कोन्या गावचा?"

"इकडचाच."

मामींनी हिरव्या चष्म्यातून घोड्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. "ओतारी बी तोच, सुतार बी तोच, कुंभार बी तोच? बाप्पा! एकट्या मानसानं एवढं केलं? लेकरंबाळं होती का नाई त्याले?"

मी घामाघूम झालो होतो. "तुम्ही पाहा सावकाश, मी पुढचं दालन उघडं आहे का बघून येतो," असं म्हणून सटकलो आणि जवळजवळ धावत तिसऱ्या दालनात शिरलो.

समोर आमची ढोली होती. तिच्या आत कमरेपर्यंत एक नवरी उभी होती.

प्लास्टिकची, कपड्यांच्या दुकानात असते तशी. लाल शालू, मुंडावळ्या, खाली घातलेली मान. मी पाटीपाशी गेलो. 'डोली. नववधूच्या पाठवणीचे साधन. उलट्या मानेचा मोर हे माहेराकडे वळून पाहणाऱ्या वधूचे प्रतीक होय. कलावंत : अज्ञात. दाता : श्री. देवराव केशवराव गुरनुले, सेवानिवृत्त वरिष्ठ सहायक, चामोर्शी.'

माझा 'ढ' हा 'ड'सारखा दिसतो असं नीलिमा लग्नापासून सांगते आहे. मी ते कधी मनावर घेतलं नाही. त्या अख्ख्या पाटीवर एकच गोष्ट अचूक छापलेली होती, ती म्हणजे माझं नाव, आणि तेही बाकीच्या अक्षरांहून ठळक.

बाहेरून नीलिमाचा आवाज जवळ येत होता. "बांबूची टोपली. कलावंत : अज्ञात." त्यामागून मामींचा. "अवं, हा सोडतच नाई कोनाले!"

मी शर्टाच्या गुंड्या सोडल्या आणि पाटी ओढली. निघेना. घामानं मागच्या पट्टीचं कव्हर सुटून पाटी बनियनला घट्ट चिकटली होती. शफीभाईंचा माल पक्का असतो. मी एका हातानं बनियन धरलं, दुसऱ्या हातानं पाटी, आणि नवरीकडे पाठ करून जोर लावला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ काकाजी! काय करून राह्यले? शर्ट काहाले काढला, बाईमानसासमोर!" पोचू दारात उभा होता.

"अरे बाहुली आहे ती!"

"बाहुली हाये जी, पन क्यामेरा खरा हाये." त्यानं वर बोट दाखवलं आणि मॅडमला फोन लावला.

मी घाईघाईनं शर्ट लावत होतो तोच मामी आणि नीलिमा आत आल्या. मामी थेट ढोलीपाशी गेल्या. हात पुढे केला, मोरावरून फिरवला, आणि मग वर पाहिलं.

"हे पोरगी धानात काहाले बसली?"

नीलिमा पाटी वाचू लागली. 'डोली'वर ती अडखळली. 'प्रतीक होय'वर तिनं भुवया उंचावल्या. 'कलावंत' म्हणाली आणि थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "अज्ञात."

मामींचा चेहरा एकदम लाल झाला. "म्हंजे? माह्या मालकाची बी त्यानंच घेतली? कुठी राह्यते हा मानूस? बलाव त्याले!"

"माय," नीलिमा म्हणाली, पण बघत होती माझ्याकडे, "अज्ञात म्हणजे माणूस नाही. अज्ञात म्हणजे बनवणारा कोण ते माहीत नाही. यांनी तसं लिहून दिलं."

मामींनी हिरवा चष्मा काढला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुमाले माहीत नाई, जवाई? दरसाल दसऱ्याले त्याहिच्या शेजारी बसून जेवले तुमी."

एकतीस वर्षांत माझ्यावर दोनदा बिनबुडाची चौकशी बसली, एकदा एका आमदारानं भर सभेत मला झापलं. पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी मान खाली घातली. बाजूला नवरीची मानही खालीच होती.

तेवढ्यात संग्रहालयाच्या प्रमुख स्वाती मॅडम आल्या. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. इंदुताई म्हणाल्या होत्या तसं, दोन मिनिटं लागली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "समिती आज दोन वाजता बसतेय. आत्ता पावणेदोन झालेत. आज नाही झालं तर तीन महिने गेले. पण तुमचं म्हणणं मला धरता येणार नाही. 'अज्ञात' खाली तुमचीच सही आहे. वस्तू बनताना डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची साक्ष पाहिजे, तोंडी, रेकॉर्ड करून. ताई, तुम्ही पाहिलं?"

"मी तेव्हा जन्मले नव्हते," नीलिमा म्हणाली.

"मग आजी सांगतील." मॅडमनी मोबाइल पुढे धरला. "आजी, ही कोणी विणली? नाव सांगा."

मामींनी ओठ घट्ट मिटले.

"आजी, फक्त नाव."

मामींनी तोंडाकडे बोट दाखवलं.

"दंतू?" पोचू मदतीला धावला.

"दंतू नाई रे मेल्या!" मामी कडाडल्या.

नीलिमानं मॅडमना रिवाज सांगितला. मॅडम हळहळल्या, घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "मी समजू शकते. पण खुणेची साक्ष समिती मानत नाही हो. दुसरं कोणी आहे का पाहिलेलं?"

दुसरं कोणी नव्हतं. त्या उन्हाळ्यातले सगळे गेले होते. दोनला दहा कमी झाले. मामी ढोलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि उलट्या मानेच्या मोरावर बोट ठेवून मॅडमना म्हणाल्या, "तुमी लिवलं का हा मोर माहेराकडं पाहून राह्यला?"

"हो. अभ्यासकांचं तसं मत आहे."

"बाई, मी त्याहिले जेवाले हाक मारली. त्याहिनं हात न थांबवता मान वळवली अन् माह्याकडं पाह्यलं. हातातल्या कामट्या चुकल्या. मोराचीबी मान वळली. मी म्हनलं, सोडा अन् पुन्हा इना. त्याहिनं सोडली नाई." हे सांगताना मामी इतक्या लाजल्या की नीलिमानं दुसरीकडे पाहिलं.

मग मामींनी दालनभर नजर फिरवली. टोपल्या, फण्या, घोडे, दिवे. "या बाकीच्या अज्ञातहिच्या बाया नाई आल्या का कधी? कोनीच नाई आलं नाव सांगाले?"

मॅडमनी पुढे धरलेला मोबाइल खाली घेतला.

"लग्नात बी मी नाव नाई घेतलं," मामी म्हणाल्या. "उखाना घे म्हनून साऱ्या मांग लागल्या होत्या. मी रडली, पन नाई घेतलं. त्याहिले लय वाईट वाटलं होतं." त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, कपाळावरचा घाम पुसला. "धरा तुमचा फोन."

आणि त्रेसष्ट वर्षं राहून गेलेला उखाणा मामींनी त्या प्लास्टिकच्या नवरीसमोर, खणखणीत आवाजात घेतला :

"ढोलीतल्या धानावर टपलं रानपाखरू,
अज्ञात-फज्ञात कोनी नाई, इननारा माहा मुखरू!"

पोचूनं टाळ्या वाजवल्या. नीलिमा रडत होती आणि हसतही होती. मॅडम मोबाइल घेऊन पळतच बैठकीला गेल्या. जाताना पोचूला म्हणाल्या, "ती नवरी आधी बाहेर काढ."

अडीचला मॅडम कागद घेऊन आल्या. छापील पाटी नंतर येणार होती, तोवर हातानं लिहून लावायची. मी पेन घ्यायला हात पुढे केला तर नीलिमानं तो बाजूला सारला. 'ढ' तिनं स्वतः काढला, अगदी फळ्यावर काढतात तसा. ढोली. बियाण्याचा धान ठेवण्याची कोठी. कलावंत : मुखरू सोमाजी लोनबले.

"दाता तेच ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "वस्तू माझी नव्हतीच."

"मग दाता कोण? रकाना रिकामा ठेवता येणार नाही."

हे मला कोणी सांगायला नको होतं. "रुखमाबाई मुखरू लोनबले लिहा," मी म्हटलं. नीलिमानं माझ्याकडे न पाहता ते लिहिलं, पण 'मुखरू'तला 'रू' दीर्घ आहे ना, असं मला विचारलं. शुद्धलेखनाचं ती मला पहिल्यांदाच विचारत होती.

मग तिनं मामींचं बोट धरून नावावर ठेवलं. मामींनी चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"एवढंसंच हाये त्याहिचं नाव?" त्या म्हणाल्या.

तेव्हा मी कोपऱ्यात गेलो, शर्ट काढला, आणि पोचूनं बनियन धरल्यावर पाटी एकदाची टरकन ओढली. बनियनचा पुढचा भाग पाटीसोबतच गेला. मी ती मामींसमोर धरली. गुलाबांसकट.

परतीच्या बसमध्ये मामी खिडकीशी बसल्या, पाटी मांडीवर, अक्षरं लोकांना दिसतील अशी. मूल येईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून बसलो होतो. मूलच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचं नाव नाई आलं का मंग पाटीवर?"

"नाही मामी."

"मंग ढोली तिथवर टेम्पोत घालून नेली कोनं?"

"अज्ञातनं," मी म्हटलं.

मामींनी कमरेला खोचलेल्या लुगड्याच्या केळातून चंची काढली, सुपारी कातरली, आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या येळेस त्याले म्हना, नाव माहीत असन तं लिवत जाय."